गाठ विरघळली म्हणून ऑपरेशन टाळू नका, आणि स्टेम सेलच्या जाहिराती जरा तपासून छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या आरोग्य पुरवणीत स्टेम सेलवर (म्हणजे ज्यांच्यापासून शरीरात नवीन पेशी तयार होतात त्या मूळ पेशींवर) अर्धं पान लेख आला होता आणि त्याच्याच खाली एका क्लिनिकची जाहिरात, गुडघा, शुगर, लकवा आणि कॅन्सर सगळ्यावर एकच इंजेक्शन, वर लाल अक्षरात 'केमोचा त्रास टाळा'. लेख कुणी लिहिला, जाहिरात कुणाची, ते मला उकरत बसायचं नाही. पण माझं सिव्हिलच्या रोडला मेडिकल आहे, कॅन्सर पेशंटचे नातेवाईक रोज काउंटरवर असतात, आणि ते कात्रण शर्टाच्या खिशात घालून आलेली माणसं मी बघतोय म्हणून लिहायला बसलो. जठराच्या कॅन्सरमध्ये स्टेम सेल नेमकं काय करतात हे त्या लेखात एका ओळीनं पण नव्हतं. खरी भानगड तर तिथंच आहे, केमो नीट लागू न पडण्यामागं किंवा लागू पडून सुद्धा वर्षा-दोन वर्षात आजार उलटण्यामागं याच जातीच्या पेशींचा मोठा हात असतो असं मानतात.

काउंटरवर फार वेळा येणारा प्रश्न आधी सांगतो. एक अक्का येतात, नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता, त्याला जठराचा कॅन्सर निघाला आणि फ्लॉट नावाचं केमो चालू झालं. फ्लॉट म्हणजे ५-फ्लुरोयुरासिल, ल्युकोव्होरिन, ऑक्झालिप्लॅटिन आणि डोसेटॅक्सेल अशी चार औषधं एकत्र, दर दोन आठवड्यांनी एक डोस, ऑपरेशनच्या आधी चार आणि ऑपरेशननंतर चार. यातल्या ऑक्झालिप्लॅटिनमुळं गार वस्तू सहन होत नाही, हात लावला की करंट बसल्यासारखं होतं, गार पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा होतो. आता सोलापूरचा मे महिना, बाहेर अंग भाजतंय, आणि हा माणूस माठाकडं बघत बघत कोमट पाणी पितोय, सकाळी स्टीलचा तांब्या सुद्धा फडकं गुंडाळून धरतोय. असे चार डोस काढले, नंतरच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ बरीच लहान दिसली, घरात पेढे वाटले. आणि मग अक्का मला विचारतात, "दादा, गाठ इरगळलीय म्हणून डॉक्टरच म्हणायलेत, मग आता पोट कशाला कापायलेत? त्यापरीस ते पैसे त्या इंजेक्शनला घालू का?"

प्रश्न अडाणीपणाचा अजिबात नाही, चांगले शिकलेले लोक पण हेच विचारतात, आणि ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरला दोन मिनिटात याचं उत्तर देणं जमत नाही. म्हणून मला जमेल तसं इथं मांडतो. मी फार्मसी शिकलेला माणूस आहे, डॉक्टर नाही, पण औषध कसं काम करतं एवढं तर आमच्या अभ्यासात असतंच.

केमोची ही औषधं मुख्यतः भराभर वाढणाऱ्या पेशींवर चालतात. ५-फ्लुरोयुरासिल पेशीला नवीन डीएनए बनवायचा कच्चा माल मिळू देत नाही, प्लॅटिनमवालं औषध म्हणजे ऑक्झालिप्लॅटिन डीएनएच्या धाग्यांना जाऊन चिकटतं, आणि एका पेशीच्या दोन होताना जे दोरे ताणले जातात ते डोसेटॅक्सेल जागच्या जागी अडकवून टाकतं. म्हणजे जी पेशी वाढायच्या घाईत आहे ती मरते. म्हणून कॅन्सर तर मरतोच पण केस पण जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी खाली येतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. आता पुढचं बघा, केमो संपल्यावर केस परत येतात की नाही? पुढच्या डोसच्या आधी पांढऱ्या पेशी वर येतात की नाही? कारण केसांच्या मुळाशी आणि हाडांच्या मगजात ज्या स्टेम सेल असतात त्यातल्या बऱ्याचशा त्या वेळी निवांत बसलेल्या असतात, दुभंगतच नसतात, त्यामुळं औषध समोरून गेलं तरी त्यांचं फारसं बिघडत नाही, आणि वादळ गेलं की त्या उठून परत सगळं उभं करतात. उंदरांवर तर ५-फ्लुरोयुरासिल देऊन हे कितीतरी वेळा पाहिलंय, मगजातल्या कामाला लागलेल्या पेशी मरतात, निवांत स्टेम सेल टिकतात. देवानं शरीराला दिलेली ही सोय आहे, आणि कॅन्सरनं नेमकी तीच उचललीय.

जठराचं आतलं अस्तर ॲसिडमध्ये सतत झिजत असतं आणि थोड्या थोड्या दिवसांनी नवीन येत असतं, ते येतं अस्तरातल्या बारीक ग्रंथींमधल्या स्टेम सेलपासून. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वर्षानुवर्षं तिथं सूज ठेवतो (याच जंतूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं, मार्शल साहेबांनी तर जंतू स्वतः पिऊन दाखवला होता), वर तंबाखू, सिगारेट, खारवलेलं खाणं, आणि मग अस्तराचा पोत बदलत बदलत एक दिवस कॅन्सर. पण त्या गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये हे पहिल्यांदा नीट दाखवलं टोरांटोच्या जॉन डिक यांच्या टीमनं १९९४ मध्ये, की नवीन कॅन्सर उभा करायची ताकद थोड्याच पेशींत असते, बाकीची नुसती भरती. २००३ मध्ये स्तनाच्या कॅन्सरमध्ये तसंच दिसलं, आणि २००९ मध्ये जठराच्या कॅन्सरमध्ये. ज्या पेशींच्या अंगावर सीडी४४ नावाची खूण आहे त्या उंदरात सोडल्या की गाठ उभी राहते, खूण नसलेल्या सोडल्या तर सहसा राहत नाही. या खूणवाल्यांना म्हणायचं कॅन्सर स्टेम सेल. आपल्या इकडं रानात हरळी असते, वरून कितीही खुरपली तरी खाली काशा राहिल्या की पहिल्या पावसात परत हिरवंगार, शेतकऱ्याला याच्यापेक्षा जास्त समजवायला नको.

बरं, या पेशी नुसत्या झोपून वाचतात असं पण नाही. त्यांच्या अंगावर पंप असतात, पी-ग्लायकोप्रोटीन म्हणा किंवा एबीसीजी२ म्हणा, औषध आत गेलं की हे पंप ते उचलून बाहेर फेकतात, डोसेटॅक्सेल तर पी-ग्लायकोप्रोटीनचं आवडतं गिऱ्हाईक. डीएनएला मार बसला तर डागडुजी करण्यात पण त्या बाकीच्यांपेक्षा तयार. आणि तिसरी गोष्ट मला स्वतःला सगळ्यात भारी वाटते, ती २०११ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवली. सीडी४४ चा एक वेगळा प्रकार असतो, तो पेशीच्या अंगावर सिस्टीन नावाचं अमायनो ॲसिड आत ओढणारं एक दार पक्कं धरून ठेवतो, त्या सिस्टीनपासून पेशी भरपूर ग्लुटाथायोन बनवते, आणि ग्लुटाथायोन आत साठलेलं असलं की केमोमुळं होणारी आतली जाळपोळ विझून जाते, प्लॅटिनमवालं औषध तर ग्लुटाथायोन सरळ चिकटून निकामी करतं. आणि गंमत अशी की तेच दार बंद करणारं एक जुनं औषध आमच्या कपाटात पहिल्यापासून आहे, सल्फासलाझिन, संधिवातावर आणि आतड्याच्या सुजेवर चालतं ते. जपानमध्ये जठराच्या ॲडव्हान्स कॅन्सरच्या थोड्या पेशंटना ते देऊन पण बघितलं, काही जणांच्या गाठीतल्या या खूणवाल्या पेशी कमी झाल्या. पण ती अगदी सुरुवातीची चाचणी, पुढं त्याची ट्रीटमेंट झालेली नाही. हे वाचून उद्या कुणी सल्फासलाझिन मागायला माझ्याकडं आलं तर मी देणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

आता अक्कांच्या प्रश्नाकडं येतो. सीटी स्कॅनला गाठीचा आकार दिसतो. आकार कशाचा असतो, तर भरतीच्या पेशींचा, आणि केमोनं त्याच आधी मरतात. म्हणून गाठ लहान दिसली तर औषध चाललं हे खरं, पेढे वाटा, पण भिंतीत आत काय शिल्लक राहिलंय ते त्या फिल्मवर दिसत नाही. फ्लॉटची जी जर्मनीतली मोठी ट्रायल झाली तिच्यात ऑपरेशन करून काढलेलं जठर मायक्रोस्कोपखाली तपासलं तेव्हा १०० तल्या साधारण १६ जणांच्यातच कॅन्सर पूर्ण गेलेला सापडला. जुन्या केमोला हा आकडा ६ होता. म्हणजे एवढी चार-चार औषधं देऊन सुद्धा बाकीच्या ८४ जणांच्या जठरात काही ना काही जिवंत होतंच. हे वाचल्यावर 'विरघळली की मग कापायचं कशाला' हा प्रश्न उरतो का? जे औषधाला दाद देत नाही ते चाकूनं बाहेर काढायचं, आजूबाजूच्या लिम्फ नोडसकट (कॅन्सर पसरताना जिथं जाऊन बसतो त्या बारीक ग्रंथी), एवढंच ते ऑपरेशन. त्याच ट्रायलमध्ये आधी केमो, ऑपरेशन, परत केमो असं फ्लॉटनं केलेल्यांचं मध्यम आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट जेवढा काळ ओलांडतात तो) ५० महिने आलं आणि जुन्या केमोवाल्यांचं ३५, हा २०१९ चा निकाल आहे.

अक्कांच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं. रिपोर्ट त्यांनी माझ्याकडंच वाचायला आणला, सीटीत जवळपास काही नाही म्हणत होते तिथं भिंतीत पेशी होत्याच आणि दोन नोडमध्ये पण. आता ते कडक भाकरी दुधात चुरून थोडी थोडी करून दिवसातनं पाच-सहा वेळा खातात, बी१२ चं इंजेक्शन घ्यायला दुकानात येतात, आणि अंगावर मांस नाही म्हणून कुरकुर करतात. पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही पण जे इंजेक्शन ते घेणार होते त्याच्यापेक्षा हा रस्ता बरा एवढं नक्की.

त्या इंजेक्शनचं मला का एवढं लागलं ते आता सांगतो, कारण ही बाजू तर लोकांना कुणीच सांगत नाही. क्लिनिकवाले जे टोचतात ते बहुतेक मेझेनकायमल स्टेम सेल म्हणून असतं, मगजातनं नाहीतर चरबीतनं काढलेलं. आता याच जातीच्या पेशी आपल्या शरीरात जखम झाली, सूज आली की तिकडं धावतात, आणि कॅन्सरची गाठ म्हणजे न भरणारी जखमच, त्यामुळं त्या गाठीत पण जाऊन बसतात. तिथं बसून काय करतात? सूज वाढवणारी रसायनं सोडतात, आणि एक्झोसोम नावाच्या अगदी बारीक पिशव्या सोडतात. या पिशव्या जठराच्या कॅन्सरच्या पेशींना दिल्या तर त्या ५-फ्लुरोयुरासिलला दाद देईनाशा झाल्या, असं चीनमधल्या लॅबमध्ये २०१५ मध्ये दाखवलंय. त्याच्या आधी २०११ मध्ये नेदरलँड्सच्या लोकांनी दाखवलं होतं की प्लॅटिनमवालं केमो दिलं की याच पेशी एक प्रकारचं फॅटी ॲसिड सोडतात आणि त्यामुळं उंदरातली गाठ केमोला जुमानत नाही. हे लॅबमधलं आणि उंदरातलं आहे, माणसात असंच घडतं असं मी छातीठोक म्हणत नाही. पण मला सांगा, ज्या पेशी गाठीच्या बाजूनं काम करताना सापडल्यात त्याच पेशी लाख-दोन लाख घेऊन कॅन्सरच्या पेशंटला टोचायच्या, आणि वर 'केमो नको' म्हणायचं, याला काय म्हणावं?

त्याच डच लोकांचं अजून एक काम आहे ते आम्हा मेडिकलवाल्यांच्या फार उपयोगाचं. ते फॅटी ॲसिड फिश ऑइलमध्ये पण सापडलं, आणि फिश ऑइल घेतलेल्या निरोगी माणसांच्या रक्तात ते वाढलेलं दिसलं, म्हणून २०१५ मध्ये त्यांनी सुचवलं की केमोच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत फिश ऑइल घेऊ नये. इथं तर केमोचा पेशंट म्हटला की भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा सफरचंदाबरोबर ओमेगा-३ ची डबी घेऊन येतोय, अशक्तपणा जातो म्हणे. मी तरी केमोची चिठ्ठी दिसली की ती डबी परत कपाटात ठेवतो आणि आधी डॉक्टरला विचारा म्हणतो. धंद्याचं नुकसान आहे, चालायचंच.

एक विडी वळणाऱ्या मावशी आहेत, त्यांचं वेगळं. त्यांचं ऑपरेशन आधीच झालं आणि नंतर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि ऑक्झालिप्लॅटिन असा कोर्स होता. या गोळ्यांनी तळहात लाल होतात, सोलतात, चिरा पडतात. हजार विड्यांमागं मजुरी मिळते, बोटाच्या टोकांवर सगळा खेळ, पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, आता सोललेल्या हातानं तंबाखूत काम कसं करायचं हो? त्यांनी कुणाला न सांगता गोळ्या सोडून दिल्या. आणि सुनेनं कारण काय सांगितलं तर "ऑपरेशन झालं, कॅन्सर गेला, आता गोळ्या कशाला". हा आपला दुसरा गैरसमज, पहिल्याच्या बरोबर उलटा. एखादी-दुसरी पेशी आधीच रक्तातनं बाहेर गेलेली असू शकते, त्यासाठी नंतरचं केमो असतं. कोरिया, चीन, तैवानमध्ये क्लासिक नावाची ट्रायल झाली, २०१२ मध्ये निकाल आला, ऑपरेशननंतर हाच कोर्स केलेल्यांपैकी ७४ टक्के लोक तीन वर्षांनी आजार न उलटता होते, नुसतं ऑपरेशन केलेल्यांपैकी ५९ टक्के. मावशींना मी एवढंच सांगितलं की हात सोलले तर डॉक्टर डोस कमी करतात, मधे गॅप देतात, युरियाचं क्रीम देतात, पण तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार. गुपचूप सोडू नका. त्या परत गेल्या, डोस कमी झाला, गोळ्या चालू झाल्या. कोर्स अर्धवट सुटायचं प्रमाण आपल्याच इथं जास्त आहे असं पण समजू नका, त्या जर्मन ट्रायलमध्ये सुद्धा आठच्या आठ डोस पूर्ण करणारे निम्म्याहून कमी होते, औषधच तसं जड आहे.

कुणी म्हणेल की एवढं सगळं माहीत आहे तर या स्टेम सेलवरच नेम धरून औषध का काढत नाहीत. काढलं की. नापाबुकासिन नावाचं औषध नेमकं त्यासाठीच आणलं होतं, जठराच्या कॅन्सरच्या ७०० हून जास्त पेशंटवर पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाबरोबर मोठी ट्रायल झाली, आयुष्य काही वाढलं नाही. का नाही वाढलं त्याचा एक अंदाज आतड्याच्या कॅन्सरवरच्या २०१७ च्या प्रयोगातनं येतो, तिथं खूणवाल्या पेशी वेचून मारल्या तर बाकीच्यांतल्या काही पेशी स्वतःच स्टेम सेल बनल्या. एक मेला की दुसरा गादीवर. शिवाय सीडी४४ ची खूण चांगल्या पेशींवर पण असते, मग मारायचं कुणाला? जिथं जगातल्या एवढ्या मोठ्या लॅब अजून चाचपडतायत तिथं आपल्या इथला दोन खोल्यांचा क्लिनिकवाला एका इंजेक्शनमध्ये बरं करतो म्हणतो आणि आपण ते चौथ्या पानावर छापतो.

नियम पण काही धूसर नाहीत. आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची गाइडलाइन आहे, रक्ताच्या ठराविक आजारांत बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात ते सोडून बाकी आजारांवर स्टेम सेल देणं म्हणजे प्रयोग, आणि प्रयोग मान्यता घेतलेल्या ट्रायलमध्येच करायचा. ट्रायल असेल तर ती सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये नोंदवावी लागते, हे २००९ पासून सक्तीचं आहे, नंबर मिळतो आणि तो कुणीही मोबाईलवर टाकून बघू शकतो. पेशंटकडून लाखाची पावती फाडून ट्रायल होत नसते.

आपल्या जिल्ह्याला या विषयात मागास म्हणायचं कारण नाही, देशातलं पहिलं ग्रामीण कॅन्सर रजिस्टर बार्शीला १९८७ मध्ये सुरू झालं, गावोगाव जाऊन पेशंट नोंदवणारी माणसं तिथं आहेत, नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे, कॅन्सरचं ऑपरेशन, केमो तिथं होतं, प्रत्येक वेळी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं टाटाला पळायची गरज नसते. सरकारी योजनेत केमो पण बसतं आणि ऑपरेशन पण, हे सुद्धा निम्म्या लोकांना काउंटरवर मी सांगतो तेव्हा कळतं.

तर माझं म्हणणं दोनच गोष्टींचं आहे. स्टेम सेलची कुठलीही जाहिरात घेताना जाहिरातदाराकडं सीटीआरआय नंबर मागा, नंबर नसेल तर जाहिरात घेऊ नका, आणि असला तर तो जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापा. दुसरं म्हणजे पुढच्या पुरवणीत बार्शीच्या किंवा सिव्हिलच्या एखाद्या कॅन्सर सर्जनला 'केमोनं गाठ लहान झाली, आता ऑपरेशन का' हा एकच प्रश्न विचारून त्यांचं उत्तर अर्धं पान छापा, शक्य असेल तर तेलुगू आणि कन्नडमध्ये पण दोन-दोन पॅरा द्या कारण आमच्या गिऱ्हाइकांत ती घरं भरपूर आहेत. त्याच्या झेरॉक्स काढून काउंटरवर ठेवायचं काम माझ्याकडं लागलं.

आपला,
एक मेडिकल दुकानदार, सोलापूर